जीपचा जीर्णोद्धार

जीप हे वाहन दीर्घकाळ टिकावे अशा हेतूने कोणी निर्माण केलेले नव्हते. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सैन्याने मोटारी बनविणाऱ्या १३५ कारखान्यांकडे एक विलक्षण मागणी धाडली. चारही चाकांना गती असलेली, वजनाने हलकी, चिखलात आणि वाळूत न अडणारी अशी टेहळणीची गाडी हवी. आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. बहुतेक कारखान्यांनी ती अट वाचूनच कागद बाजूला ठेवला. बँटम नावाचा एक लहानसा, कर्जबाजारी कारखाना तेवढा पुढे आला. त्याने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावून घेतले. प्रोब्स्टने दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपता संपता, गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. पुढे यश मात्र बँटमच्या वाट्याला आले नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची शक्ती विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांत होती, आणि महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बनविल्या.

या घाईतूनच जीपचा एक असा गुण जन्मास आला की ज्याचे महत्त्व तिच्या निर्मात्यांनाही त्या वेळी पुरते उमगले नसावे. विलिसची गाडी असो वा फोर्डची, एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, अशी सैन्याची अट होती. आघाडीवर कारागीर कोण मिळणार, हत्यारे कोणती असणार? तेव्हा चार पाने आणि एक हातोडा यांच्या बळावर जी उघडता येईल आणि पुन्हा जोडता येईल, अशी ती गाडी झाली. जे वाहन युद्धात खर्ची पडावे म्हणून बनविले गेले, ते कोणालाही उलगडता येत असल्यामुळे संपेनासे झाले. माझ्या पदरी अशी एक जीप आहे, आणि ती कावेरीच्या काठी, कुंभकोणमला माझ्या आजोळच्या अंगणात उभी असते. तिच्या निमित्ताने जे वाचले आणि जे हाताला काळे लावून शिकलो, ते आज सांगावयाचे आहे.

जीप हिंदुस्थानात आली ती प्रथम लष्कराबरोबर; तथापि ती इथली झाली मुंबईत. युद्धकाळात के. सी. महिंद्र हे हिंदुस्थान सरकारच्या खरेदीच्या कामासाठी अमेरिकेत होते आणि तेथे त्यांची या गाडीशी व तिच्या इंजिनाचे जनक बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. १९४५ साली महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्यासह पोलादाच्या व्यापारासाठी पेढी काढली होती. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये पेढीची पाटी बदलली. ऑक्टोबर १९४७ मध्ये ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात मुंबईच्या बंदरावर उतरल्या. त्या जोडण्यासाठी माझगावात जागा भाड्याने घेतली गेली. १९५४ पासून विलिसच्या सहकार्याने एकेक भाग इथेच बनू लागला, आणि १९६२ च्या सुमारास गाडीचा सत्तर टक्के भाग देशी झाला होता. पेटाऱ्यातून निघालेले भाग जोडून जी गाडी या देशात जन्मली, ती पुढेही सुट्या भागांच्याच आधाराने जगावी यात नवल नाही.

पण जीपला खेड्यात नेले ते सरकारने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेला आरंभ झाला आणि गटविकास अधिकारी नावाचा नवा अंमलदार ग्रामीण जीवनात अवतरला. त्याच्याबरोबर त्याची जीपही आली. श्रोत्यांपैकी ज्यांचे बालपण त्या काळी खेड्यात गेले असेल त्यांना धुरळ्याचा लोट, त्यापुढे येणारी ती चौकोनी गाडी आणि तिच्यामागे धावणारी पोरे हे दृश्य सांगावयास नको. कावेरीच्या खोऱ्यात मात्र धुरळा कमी आणि चिखल फार. १९६०-६१ साली फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने सघन शेतीची जी योजना निघाली, तिच्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावर होता. कुंभकोणमपासून जवळच असलेल्या आडुदुरैच्या भातसंशोधन केंद्रात पुढे एडीटी-२७ नावाचे भात तयार झाले. त्याची वार्ता तिरुचिरापल्लीच्या आकाशवाणी केंद्राने घरोघर अशी पोहोचविली की शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले. आपल्या माध्यमाची ही थोरवी मी मोठ्या आनंदाने सांगतो. परंतु आकाशवाणीने सांगितलेले बियाणे आणि खत बांधावर जाऊन दाखविणारा माणूस बहुधा जीपमधून येत असे, हेही विसरता कामा नये.

आमची गाडी त्याच पिढीतली. १९६१ ची, सीजे-३बी या जातीची. या जातीचे लक्षण म्हणजे तिचे उंच कपाळ. युद्धातल्या जीपचे बॉनेट ठेंगणे होते. १९५३ मध्ये विलिसने नव्या तऱ्हेचे इंजिन बसविले, त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह बाजूला असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि त्यासाठी बॉनेटही उचलावे लागले. दिसावयास गाडी थोडी बेढब झाली. सौंदर्याचे जाणकार अजूनही तिला नाके मुरडतात. त्यांनी खुशाल मुरडावीत.

ही गाडी एका सरकारी खात्यात तेरा वर्षे राबली आणि १९७४ साली लिलावात निघाली. सरकारी भाषेत ती ‘कंडम’ झाली होती. हा शब्द इंग्रजीतून आला, पण मराठीत त्याला जो तुच्छतेचा वास आहे तो मुळात नसावा. माझे मामा तंजावरी मराठी कुटुंबातले, अडीच शतकांहून अधिक काळ त्या प्रांतात मुरलेले. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापिले आणि १८५५ मध्ये ते संस्थान खालसा झाले. राजे गेले, पण त्यांच्याबरोबर आलेल्या लोकांची घरे, देवघरे आणि तमिळ वळणाची मराठी मागे राहिली. मामांची थोडी भातशेती अरशलार नदीच्या पलीकडे होती. मेट्टूरचे पाणी सुटले की कालव्याच्या बांधावरची वाट अशी होई की बैलगाडीही रुतावी. मामी म्हणाल्या, “सरकारला जी चालविता आली नाही, ती तुम्ही काय चालविणार?” मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी गाडी आणली आणि पहिले सहा महिने ती अंगणात विटांवर उभी केली.

जुनी जीप पाळणे हे गाय पाळण्यासारखे आहे, असे मामा म्हणत. रोज सकाळी तिच्याकडे पाहावे लागते. तिच्याखाली काय सांडले आहे, ते प्रथम पाहावयाचे. तेल सांडत असेल तर चिंता नाही, गिअरपेटी आणि पुढच्या चाकांना गती देणारी जोडपेटी यांच्या सांध्यातून तेल झिरपणे हा या गाडीचा स्वभावच आहे. झिरपणे थांबले तर मात्र तेल संपले असे समजावे. ब्रेकचे पाणी सांडत असेल तर त्या दिवशी गाडी हलवावयाची नाही. पुढच्या चाकांच्या सांध्यांना, कमानींच्या खिळ्यांना, स्टीअरिंगच्या दांड्यांना ग्रीस भरण्यासाठी जागोजागी छिद्रे आहेत, आणि चिखलातून गाडी फिरली की ती सगळी पुन्हा भरावी लागतात, कारण नवे ग्रीस आत जाताना आतला चिखल बाहेर ढकलते. आळसाने हे एकदा टाळले की लोखंड लोखंडाला खाऊ लागते.

सर्वांत त्रास दिला तो एका लहानशा तुकड्याने. या गाडीत स्टीअरिंगची गती पुढच्या आडव्या तुळईवर बसविलेल्या एका कोनाकृती तुकड्यामार्फत दोन्ही चाकांकडे जाते. त्याची आतली बुश झिजली की ठराविक वेगावर पुढची चाके अशी थरथरू लागतात की चक्र हातात धरवत नाही. १९८१ च्या पावसाळ्यात आमची गाडी अशीच थरथरत बांधावरून खाली उतरली. भाताचे वाफे मऊ होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. नवा तुकडा कुंभकोणमला मिळेना. मद्रासच्या पुदुपेट बाजारात, जेथे मोडीत निघालेल्या मोटारींची हाडे-कातडी विकली जातात, तेथेही मिळाले ते आमच्याइतकेच झिजलेले. अखेरीस आमचे मेस्त्री म्हणाले, “अय्या, ज्या गावात भांडी घडतात आणि शेजारच्या स्वामीमलैत देव ओततात, तिथं अंगठ्याएवढ्या बुशीसाठी मद्रासला कशाला जायचं?” पितळी भांड्यांच्या बाजारामागे लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराने कांशाच्या दांड्यातून ती बुश कातून दिली. तिच्यानंतर आणखी तीन झाल्या. सगळ्या त्याच घराण्याच्या हातच्या.

गंजाची कथा निराळी. कावेरीच्या मुखाकडच्या प्रदेशात हवाच ओली. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो, आणि गाडीच्या तळपत्र्याखालच्या पोकळ पट्ट्यांत शिरलेले पाणी फेब्रुवारीपर्यंत सुकत नाही. वरून रंग झळकत असतो आणि आतून पत्रा पापडासारखा होतो. आमच्या गाडीचा तळपत्रा दोनदा बदलला, मागचा दरवाजा एकदा, उजवीकडचे मडगार्ड किती वेळा ते आता आठवतही नाही.

इंजिन बदलले ते मात्र गंजामुळे नव्हे. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल आखडले आणि पेट्रोलचे भाव भडकले. पेट्रोलवर चालणारी जीप शेतकऱ्याला हत्तीसारखी वाटू लागली. शिवाय त्या इंजिनाची एक खोड होती: उन्हाळ्यात नळीतल्या नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर रस्त्यात गप्प बसे, आणि मग पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली बसून राहावे लागे. ज्या सरकारी खात्याने गाडी विकली, त्याने ती त्या वर्षी का विकली याचा उलगडा यात असावा. देशभर जीपमालकांनी त्या दशकात आपापल्या गाड्यांत डिझेल इंजिने बसवून घेतली. खुद्द कारखान्यानेही पुढे ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. मामांनी १९७९ साली ते केले. त्याची रीतसर नोंद नोंदणीपुस्तकात आहे. डिझेल इंजिन जड आणि त्याचा हादरा मोठा. त्यामुळे सांगाड्याला इंजिनाच्या बैठकीपाशी चिरा पडल्या, त्या वेल्डिंगने बुजविल्या, वर पट्ट्या ठोकल्या. गाडीचा आवाज बदलला. मामी म्हणत, आता दळणाच्या गिरणीत बसल्यासारखे वाटते. पण पुढची पस्तीस वर्षे त्या इंजिनाने शेतावर पाण्याचा पंप ओढला, खताची पोती ओढली आणि एकदा प्रसूतीसाठी एका बाईला बांधावरून इस्पितळात नेले.

२००९ साली मामा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आजोळीच राहावयास आलो, त्याला हेही एक कारण झाले. आणि येथून पुढचा इतिहास लोखंडापेक्षा कागदांचा अधिक आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि नंतर दर पाच वर्षांनी, गाडीची तपासणी होऊन, ती वाढवून घ्यावी लागते. या वाढीचे शुल्क मोटारगाडीसाठी सहाशे रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी दहा हजार. सरकारच्या स्वतःच्या गाड्यांची नोंदणी तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढे वाढवीतच नाहीत. म्हणजे आज एखादी गटविकासाची जीप असती तर तिला लिलावाचा जन्मही मिळाला नसता, ती थेट भंगारात गेली असती. जुनी वाहने धूर ओकतात, त्यांचे ब्रेक दुबळे असतात, हे मी नाकारीत नाही. आमच्या गाडीमागे उभे राहून पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

परंतु याच सरकारने जुन्या वाहनांसाठी एक पवित्र कोनाडाही राखून ठेवला आहे. जुलै २०२१ मध्ये निघालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंतरच्या नूतनीकरणाला पाच हजार, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. अटी दोन. अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडावी. आणि ती मूळ स्वरूपात असावी: तिच्या सांगाड्यात, कायेत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

आमच्या गाडीचे वय त्या कोनाड्यात बसते, पण तिचे आयुष्य बसत नाही. २०२२ साली पुण्याहून जुन्या मोटारींचे एक शौकीन गाडी पाहावयास आले. मोठे सुजाण आणि अभ्यासू गृहस्थ. त्यांनी सांगाड्यावरचा क्रमांक घासून वाचला, उंच कपाळावर हात फिरविला, आणि डिझेल इंजिन पाहून मान हलविली. त्यांचा विचार सरळ होता: हे इंजिन काढावे, कोठूनतरी त्या काळचे पेट्रोल इंजिन मिळवावे, ठोकलेल्या पट्ट्या काढाव्यात, पत्रे नवे करून त्या वर्षीचा रंग द्यावा. मग ती खरी १९६१ ची गाडी होईल. त्यांनी दिलेली किंमतही मला मोह पाडणारी होती. मी त्यांना विचारले, “आणि मधली साठ वर्षे?” ते हसले. त्यांच्या दृष्टीने ती वर्षे म्हणजे गाडीला झालेला आजार होता.

मी त्यांना दोष देत नाही. मूळ रूपाचे जतन हीही एक विद्या आहे, आणि तिच्यावाचून वस्तुसंग्रहालये उभी राहिली नसती. पण मूळ म्हणजे काय, हा प्रश्न जीपच्या बाबतीत मोठा अवघड आहे. तिच्या पहिल्या आराखड्याचा मालक कोण, यावर बँटम आणि विलिस यांच्यात वाद झाला. ‘जीप’ हे नाव कोठून आले यावर आजही एकमत नाही. आणि ज्या कारखान्याने परवाना घेऊन ती सात दशके इथे बनविली, त्याच कारखान्याच्या त्याच घाटणीच्या गाडीविरुद्ध २०१८ मध्ये अमेरिकेत तक्रार झाली की हे रूप आमचे आहे. २०२० साली निकाल त्या तक्रारीच्या बाजूने लागला आणि इथल्या लोकांना गाडीचा चेहरा बदलावा लागला.

त्या गृहस्थांना गावाची ओळख व्हावी म्हणून मी त्याच संध्याकाळी दारासुरमला नेले, अर्थात जीपनेच. कुंभकोणमच्या वेशीवरचे हे बाराव्या शतकातले देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने बांधले. त्याच्या पुढचा मंडप रथाच्या आकाराचा आहे. दगडी चाके, दगडी घोडे, सगळे गतीच्या आवेशात आणि सगळे आठशे वर्षे जागच्या जागी. परतताना शारंगपाणीच्या देवळावरून आलो. तिथले गर्भगृहही रथासारखे कोरलेले आहे, पण बाहेर लाकडी रथही उभा असतो आणि तो उत्सवात खरोखर चालतो. अशा रथांच्या चाकांखाली पाचर सरकवून त्यांना वळवितात. म्हणजे त्यांना ना स्टीअरिंग, ना बुश, आणि तरी ते गल्ल्यांतून फिरतात. त्यांचे मोहाचे लाकूड कुजते आणि बदलले जाते, कोरीव फळ्या नव्या बसतात. तामिळनाडूतल्या कित्येक रथांना तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने पोलादी आस आणि चाके करून दिली आहेत. देवळांनाही दर बारा वर्षांच्या सुमारास डागडुजी करून कुंभाभिषेक करण्याची तिकडे वहिवाट आहे. आपल्याकडे या कृत्याला जीर्णोद्धार म्हणतात. पोलादी चाके बसली म्हणून तो रथ जुना राहिला नाही, असे म्हणणारा माणूस मला कुंभकोणमला अद्याप भेटलेला नाही. पाहुणे बराच वेळ रथाच्या चाकाशी उभे राहिले आणि मग म्हणाले, “देवाची गोष्ट वेगळी आहे.” असेल.

गाडी मी विकली नाही. २०२३ मध्ये पाच हजार भरून साधी नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदणीपुस्तकातली इंजिनबदलाची जुनी शाई भिंगाखाली वाचली, ब्रेक दोनदा लावून पाहिले, आणि मागचा दिवा लागत नाही म्हणून आम्हांला परत पाठविले. दुसऱ्या दिवशी दिवा लागला.

आता पुढची मुदत २०२८ ची. त्याच वर्षी कुंभकोणमला महामहम्, म्हणजे दक्षिणेचा कुंभमेळा, आहे. १९८० च्या मेळ्याला मामांनी याच जीपमधून पाण्याच्या घागरी महामहम् तळ्यापर्यंत पोहोचविल्या होत्या. मेस्त्री आता सत्तरीला आले; त्यांच्या मुलाने कोईमतूरला संगणकाचे काम धरले आहे, पण नातू शनिवारी अंगणात येतो. त्याला ग्रीसची छिद्रे मोजावयास सांगितले तर एक नेहमी राहून जाते, डाव्या कमानीच्या मागच्या खिळ्याचे. तळपत्रा तिसऱ्यांदा बदलावा लागणार आहे, आणि बुशीत पुन्हा थोडी ढिलाई जाणवते. पितळी बाजारामागच्या लेथवर कांशाचा दांडा देऊन ठेवला आहे.